ऑस्कर वाइल्डचे शंभर दिवस

हेडफोन लावलेत ना? आज एका सिनेमापासून सुरुवात करू. १९९७ चा ‘वाइल्ड’. ब्रायन गिल्बर्टचं दिग्दर्शन आणि मुख्य भूमिकेत स्टीफन फ्राय. रिचर्ड एलमननं लिहिलेल्या ऑस्कर वाइल्डच्या चरित्रावर हा सिनेमा बेतलाय. मी तो पहिल्यांदा २०१८ मध्ये पाहिला, माझ्या रूममेटच्या लॅपटॉपवर. का पाहिला, ते शेवटी सांगतो.

सिनेमाचा भर वाइल्ड आणि बोझी, म्हणजे लॉर्ड आल्फ्रेड डग्लस, यांच्या नात्यावर आहे. बोझी झालाय ज्यूड लॉ. देखणा, लाडावलेला, रागीट. सिनेमा बघून वाटतं, अरे, या पोरामुळे माणूस बुडाला! पण नंतर मी एक साधी गोष्ट केली. कॅलेंडर उघडलं आणि दिवस मोजले. तेव्हा वेगळंच चित्र दिसलं.

१४ फेब्रुवारी १८९५. लंडनमध्ये बर्फ पडतोय आणि सेंट जेम्स थिएटरात वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’चा पहिला प्रयोग आहे. थिएटर हशांनी दणाणलंय. हेमार्केट थिएटरात त्याचं दुसरं नाटकही चालू आहे. बोझीचे वडील, मार्क्वेस ऑफ क्वीन्सबरी, त्या रात्री तमाशा करायला आले होते. हातात भाज्यांचा गुच्छ! पण पोलिसांनी त्यांना आत सोडलं नाही.

चार दिवसांनी ते वाइल्डच्या क्लबवर गेले आणि दरवानाकडे एक कार्ड ठेवून आले. त्यावर वाइल्डच्या लैंगिकतेवरून शिवी होती, तीही चुकीच्या स्पेलिंगची. वाइल्ड क्लबवर आला २८ तारखेला. तेव्हा ते कार्ड त्याच्या हातात पडलं.

इथे जरा पॉज. त्यानं ते फाडून टाकलं असतं तर? बहुतेक काहीच झालं नसतं. पण बोझीला बापाला धडा शिकवायचा होता आणि वाइल्डचा स्वतःच्या जिभेवर नको तितका भरवसा होता. त्यानं अब्रुनुकसानीची फौजदारी केस ठोकली. म्हणजे कोर्टात पहिला गेला तो वाइल्ड स्वतः.

मित्रांनी समजावलं होतं. कॅफे रॉयलमध्ये फ्रँक हॅरिस आणि बर्नार्ड शॉ त्याला भेटले. शॉ म्हणजे ज्याच्या ‘पिग्मॅलियन’वरून आपल्या पुलंनी ‘ती फुलराणी’ केलं, तोच. केस सोड, फ्रान्सला जा, असं त्याला सांगितलं गेलं. त्यानं ऐकलं नाही.

आता या केसमधली गोम बघा. अब्रुनुकसानीच्या केसमध्ये समोरचा म्हणू शकतो, ‘मी लिहिलं ते खरं आहे आणि लोकहितासाठी लिहिलंय.’ मग त्याला ते सिद्ध करावं लागतं. क्वीन्सबरींनी खासगी गुप्तहेर कामाला लावले. वाइल्डनं पैसे दिलेली, भेटवस्तू दिलेली तरुण मुलं शोधून काढली. जे पुरावे कुणी कधी गोळा केलेच नसते, ते वाइल्डच्या स्वतःच्या केसमुळे एका फायलीत आले.

क्वीन्सबरींचा वकील होता एडवर्ड कार्सन. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वाइल्डबरोबर शिकलेला. वाइल्डनं आपलं वय एक वर्ष कमी सांगितलं आणि कार्सननं तिथेच त्याला पकडलं. सुरुवातीला वाइल्डच्या उत्तरांवर कोर्टात हशा पिकत होता. पण एका मुलाबद्दल ‘तू त्याचं चुंबन घेतलंस का?’ असं विचारल्यावर वाइल्ड बोलून गेला की छे, तो तर फारच कुरूप होता. झालं! कार्सन त्याच उत्तरावर अडून बसला. कुरूप होता म्हणून नाही घेतलंस?

५ एप्रिलला केस मागे घेतली. क्वीन्सबरींच्या वकिलांनी कागद त्याच दिवशी सरकारी वकिलांकडे पाठवले आणि संध्याकाळी कॅडोगन हॉटेलात वाइल्डला अटक झाली. पहिल्या प्रयोगापासून मोजा, बरोबर पन्नास दिवस.

पुढचे पन्नास दिवस मला जास्त भयंकर वाटतात. त्याची नाटकं लगेच बंद झाली नाहीत. थिएटरवाल्यांनी काय केलं? जाहिरातींवरून फक्त लेखकाचं नाव काढलं. लोक तिकीट काढून त्याच विनोदांवर हसत होते आणि ते लिहिणारा कोठडीत होता. मे महिन्यात प्रयोगही थांबले. त्याआधी २४ एप्रिलला टाइट स्ट्रीटवरच्या त्याच्या घराचा लिलाव झाला. पुस्तकं गेली, मुलांची खेळणीसुद्धा गेली.

पहिल्या फौजदारी खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. सरकारनं पुन्हा खटला चालवला. २५ मेला शिक्षा झाली, दोन वर्षं सक्तमजुरी. १८८५ च्या कायद्यातली जास्तीत जास्त शिक्षा. त्या दिवशी शंभर दिवस पूर्ण झाले.

पुढचं थोडक्यात. बायको कॉन्स्टन्सनं मुलांसह आडनाव बदललं. दोन्ही मुलं वाइल्डला पुन्हा कधीच दिसली नाहीत. १८९७ मध्ये सुटल्यावर तो फ्रान्समध्ये सेबॅस्टियन मेलमॉथ या नावानं राहिला. तुरुंगावरची त्याची कविता १८९८ मध्ये छापली गेली, तेव्हा कवीच्या नावाच्या जागी होता त्याच्या कोठडीचा नंबर, सी.३.३. ३० नोव्हेंबर १९०० ला पॅरिसच्या एका स्वस्त हॉटेलात तो गेला. वय ४६.

सिनेमा संपतो तो बोझीच्या पुन्हा भेटण्यावर. प्रेमकथा म्हणून ठीक आहे. पण वाइल्ड संत नव्हता, हेही लक्षात ठेवू. त्यानं स्वतःच्या वकिलाला खोटं सांगितलं, आणि ती पैसे घेणारी मुलं गरीब होती, काही तर अगदी कोवळी. सिनेमा तिथे जरा हात राखून आहे. तरीही शिक्षा झाली ती कुणाला फसवल्याची किंवा कुणाला वापरल्याची नव्हती. दोन पुरुषांमधल्या जवळिकीलाच तो कायदा गुन्हा मानत होता.

आणि हे फक्त लंडनचं नाही. आपलं कलम ३७७ याच व्हिक्टोरियन काळातलं, १८६० च्या दंड संहितेतलं. कायदा वेगळा, पण नजर तीच, आणि शिक्षा तर थेट जन्मठेपेपर्यंत. इंग्लंड-वेल्सनं १९६७ मध्ये प्रौढांमधले खासगी संबंध गुन्ह्यातून काढले. आपल्याकडे त्यासाठी ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं.

त्या संध्याकाळी माझा रूममेट मिठाई घेऊन आला. मी विचारलं, ‘प्रमोशन?’ तो हसला, म्हणाला, ‘तसंच समज.’ मग त्यानं हा सिनेमा लावला. संपल्यावर म्हणाला, ‘कॉलेजात तुम्ही सगळे जे जोक मारायचात ना, त्यावर मी पण हसायचो.’ बस, एवढंच. मला काय बोलावं कळेना. त्यातले निम्मे जोक माझेच होते.

सेंट जेम्सच्या त्या प्रेक्षकांबद्दल वाचलं की मला आमच्या हॉस्टेलची ती खोली आठवते. चार वर्षं तो माझ्या शेजारी बसून हसत होता, आणि मला वाटायचं, त्याला मजा येतेय.

सिनेमा जरूर बघा, आणि बघताना तारखा मोजा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!