जातीला व्हिसा लागत नाही

पेणच्या गणेशमूर्ती दरवर्षी अमेरिकेला जातात. त्यासाठी खोकी भरावी लागतात, कागदपत्रं करावी लागतात. जात मात्र विनाकागद जाते. पेण-रोह्याकडच्या आपल्या शिकलेल्या तरुणांना वाटतं, एकदा परदेश गाठला की जात सुटली. गेल्या दशकातला अमेरिकेचा इतिहास काय सांगतो ते पाहू.

सुरुवात जुनी आहे. हिंदू जगभर पसरले तर जात हा जगाचा प्रश्न बनेल, हा इशारा बाबासाहेबांच्या नावाने सर्रास फिरतो. मुळात तो ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचा, १९०९ सालचा. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात तो केतकरांच्या नावानिशी दिला. म्हणजे हे आमच्या चळवळीचं कुभांड नाही. एका ब्राह्मण अभ्यासकानेच ते लिहून ठेवलं आहे.

१९२३ साली त्याचा पुरावा मिळाला. भगतसिंग थिंद (आपले शहीद भगतसिंग नव्हेत) यांनी अमेरिकेचं नागरिकत्व मागितलं. आपण उच्चजातीय आर्य, म्हणून गोरे, असा त्यांचा दावा होता. १९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. काळ्यांवरचा अन्याय संपवा, असं ते म्हणाले नाहीत. आपल्याला गोऱ्यांच्या रांगेत घ्या, एवढंच म्हणाले.

१९६५ च्या कायद्याने शिकलेल्या भारतीयांना दार उघडलं. त्या काळात शिक्षण कोणाच्या घरात होतं? उत्तर उघड आहे. पुढे संगणकाच्या नोकऱ्यांमागून आपलीही थोडी मुलं गेली आणि तिथेही तेच प्रश्न आले: आडनाव काय, गाव कोणतं, मांसाहार करता का? पाठीवर थाप मारून जानवं चाचपण्याचे प्रकारही लोकांनी सांगितले आहेत.

२०१८ मध्ये इक्वॅलिटी लॅब्स या संस्थेने सुमारे १,५०० जणांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यातल्या ६७ टक्के दलितांनी कामाच्या ठिकाणी भेदभाव झाल्याचं सांगितलं. उत्तरं स्वेच्छेने दिलेली होती, म्हणून विरोधक नमुन्यावर बोट ठेवतात. ठेवू द्या. पण २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाने भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख केला. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. दोन अधिकाऱ्यांवरचा दावा राज्याने २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, थिंद निकालानंतर शंभर वर्षांनी, सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, ब्राह्मण घरातल्या. सवर्ण माणूस जातीविरुद्ध उभा राहू शकतो. प्रश्न इच्छेचा असतो.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी तसंच विधेयक मंजूर केलं. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ते परत पाठवलं. कारण काय, तर सध्याच्या कायद्यांत हे येतंच. विधेयक हिंदूंना बदनाम करतं, असा विरोधकांचा ओरडा होता. पण जात शीख, मुस्लिम, ख्रिश्चन दक्षिण आशियाईंमध्येही आहे. कायदा अन्याय करणाऱ्याचा धर्म विचारत नाही.

"कायद्यात येतंच" हे उत्तर रायगडच्या माणसाला नवीन नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला मान्यता दिली. कागदावर चवदार तळं खुलं होतं. पाणी कोणी प्यायलं? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यात उतरेपर्यंत कोणीच नाही. आणि उतरल्यावर आपल्या माणसांची डोकी फुटली, नगरपालिकेने स्वतःचाच ठराव फिरवला, उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

अन्यायाला त्याच्या नावाने ओळखल्याशिवाय कायदा त्याला हात लावत नाही, आणि नाव घेतल्यावरही हक्क बजावावा लागतो. सिएटलमध्ये नाव घेतलं गेलं. कॅलिफोर्नियात ते पुसलं गेलं.

म्हणून मित्रांनो, परदेशी जरूर जा. बाबासाहेबही गेले होते. पण आडनाव लपवून जगायला जाऊ नका. आणि जे इथेच, धाटावच्या कारखान्यांत किंवा पेणच्या कार्यालयांत राहतील, त्यांनी भेदभाव झाला तर तक्रारीत "गैरवर्तन" लिहू नये. जातिभेद असेल तर जातिभेदच लिहावं.

जय भीम!