काजूच्या बियांचा डाव

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त अगदी घरगुती आहे. २०२५ च्या मे महिन्यात बंद केलेला आमचा शनिवारचा पत्त्यांचा डाव परवा पुन्हा सुरू झाला. तो का बंद झाला होता आणि पुन्हा का सुरू केला, हे सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे सवयीने थोडी मागे जाते. कंटाळू नका.

माझं माहेर सावंतवाडीजवळच्या एका खेड्यातलं. सावंतवाडी म्हटलं की लाकडी खेळणी आठवतात, तसा गंजिफाही आठवायला हवा. गोल गोल पानं, त्यावर चितारी मंडळींनी हाताने काढलेली चित्रं. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पानं, म्हणजे एकूण १२० पानं. मुघल गंजिफात आठ रंग, म्हणून ९६ पानं. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या ठठ्ठ्याच्या शाह हुसेनला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. म्हणजे आपल्याकडचे पत्ते निदान पाचशे वर्षांचे. आपण खेळतो ते बावन्न पानी पत्ते मात्र युरोपीय लोकांबरोबर आलेले.

जुगार त्याहून कितीतरी जुना. महाभारतातला द्यूतप्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो, पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त फारसं कुणी वाचलेलं नसतं. त्यात एक जुगारी स्वतःच बोलतो. बायको दुरावली, आई झुरते आहे, कर्जाची भीती वाटते, आणि तरीही फाशांचा आवाज आला की पाय तिकडे वळतात. शेवटी त्याला सल्ला मिळतो तो शेती कर असा. वर्गात हे सांगताना मला दरवेळी आमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची आठवण व्हायची. वर्गात ती कधी सांगितली नाही. आज सांगते.

हे चुलत आजोबा स्वभावाने अतिशय गोड माणूस. जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी नाटक रंगायचं आणि मागच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात तीन पत्तीचे डाव बसायचे. एका वर्षीच्या जत्रेत ते हरत गेले, कुणीतरी उसने पैसे देत गेलं आणि पहाटेपर्यंत काजूची बाग गहाण पडली. ती परत सुटली नाही. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण त्या बागेच्या गडग्यावरून जाताना आई पदर तोंडाला लावायची, ते मला आठवतं.

आता गंमत पहा. ज्या घराची बाग पत्त्यात गेली, त्याच घरात आम्ही मुलं मे महिन्याच्या सुट्टीत पत्ते खेळायचो. तेही तीन पत्ती, आणि तेही आजीच्या समोर! आईला ते मुळीच आवडत नसे. आजी म्हणायची, "बंद केलास तर पोरां लपान खेळतली. त्यापेक्षा माझ्या नजरेसमोर खेळांदेत."

आजीचे नियम कडक होते. प्रत्येकाला काजूच्या पन्नास बिया मोजून मिळत. त्या संपल्या की तुमचा खेळ संपला, उसनं मागायचं नाही आणि कुणी द्यायचं नाही. दिवेलागण झाली की डाव कुठेही असो, पत्ते खाली. आणि शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. जिंकलेल्या-हरलेल्या सगळ्या बिया परत एकाच टोपलीत जायच्या. सुट्टी संपताना त्या भाजल्या जायच्या आणि हरणाऱ्यालाही जिंकणाऱ्याइतकेच काजूगर मिळायचे. दोनशे बिया जिंकूनही मूठभरच गर हाती आले म्हणून मी एकदा रडले होते. आजीने लक्षही दिलं नाही.

पुढे शिक्षण, नोकरी, संसार. पत्ते राहिले ते दिवाळीतल्या रमीपुरते. २००९ मध्ये आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला गेलो. त्याच्याकडे दर शुक्रवारी तळघरात शेजारीपाजारी पोकर खेळायला जमत. एक गुजराती, दोन अमेरिकन, एक कोरियन आणि आमचे चिरंजीव. प्रत्येकाने पाच डॉलर काढायचे, म्हणजे पाव डॉलरची वीस नाणी. तीन तास खेळ, मध्ये समोसे. मी काठावर बसून पहायचे. तिसऱ्या शुक्रवारी कोरियन गृहस्थांनी खुर्ची पुढे केली आणि मी बसले. काठीण्य काहीच वाटलं नाही, कारण हा खेळ आमच्या तीन पत्तीचाच सख्खा नातेवाईक निघाला. आपल्या हातात काय आहे ते लपवायचं, समोरच्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचायचं.

परत आल्यावर मी ही नातेवाईकी शोधून काढली. इंग्लंडात 'ब्रॅग' नावाचा तीन पानांचा खेळ होता. पत्त्यांच्या नियमांसाठी प्रसिद्ध असलेल्या एडमंड हॉईलने १७५१ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. तोच इंग्रजांबरोबर इकडे येऊन तीन पत्ती झाला. फ्रेंचांचा 'पोक' नावाचा खेळ न्यू ऑर्लिन्समार्गे अमेरिकेत गेला आणि मिसिसिपी नदीतल्या आगबोटींवर त्याचा पोकर झाला. जोसेफ कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने १८२९ साली अशाच बोटीवर पाहिलेल्या डावाचं वर्णन आपल्या आठवणींत केलं आहे. तेव्हा वीसच पानांनी खेळत.

आमच्या शनिवारच्या मंडळींत गणिताचे एक निवृत्त सर आहेत. त्यांनी एकदा कागदावर मांडून दाखवलं. बावन्न पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येतात. त्यातले दुर्री ते एक्का सगळे ट्रेल मिळून ५२, आणि जोड्या ३,७४४. पोकरमध्ये पाच पानं २५,९८,९६० प्रकारे येतात, आणि त्यातल्या 'फुल हाऊस'ची, म्हणजे तीन सारखी आणि दोन सारखी अशा हातांची, संख्याही बरोबर ३,७४४! सर त्या दिवशी स्वतः पंधरा रुपये हरले होते, पण आनंद लॉटरी लागल्याचा.

घरगुती पोकरचे सगळ्यात नामांकित खेळाडू म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन. अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, मिसूरीतल्या आपल्या गावी ते मित्रांच्या एका मंडळात खेळत. तिथे एका वेळी दहा सेंटपेक्षा जास्त लावता येत नसे. मार्च १९४६ मध्ये ते चर्चिलना घेऊन रेल्वेने फुल्टनला निघाले. 'लोखंडी पडदा' हे शब्द ज्यामुळे जगभर गेले, ते चर्चिलचं भाषण तिथलंच. त्या प्रवासात पोकरचा डाव बसला आणि चर्चिल हरू लागले. पाहुण्याला लुबाडायचं की सांभाळून घ्यायचं, असा पेच यजमानांना पडल्याचं ट्रुमनचे सल्लागार क्लार्क क्लिफर्ड यांनी नोंदवून ठेवलंय. ट्रुमनच्या डावांत आणखी एक पद्धत असे. प्रत्येक जिंकलेल्या रकमेतला थोडा हिस्सा एका भांड्यात बाजूला ठेवायचा आणि ज्याचे पैसे संपतील त्याला त्यातून परत खेळायला द्यायचं. हे वाचलं आणि मला आजीची टोपली आठवली. कुठे मिसूरी आणि कुठे आमचं खेडं!

अशा रीतीने आमचा शनिवार सुरू झाला. सहा माणसं, प्रत्येकी पन्नास रुपये, साडेपाच ते आठ. चहा-पोहे यजमानीणबाईंकडून, त्याचे पैसे नाहीत. यालाही इतिहास आहे बरं का. जुगाराविरुद्धचा मुंबई इलाख्याचा कायदा १८८७ चा. जुगाराचा अड्डा ठरवताना घरमालक त्या खेळातून स्वतः कमाई करतो का, हे त्यात पाहिलं आहे. पुढे १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि त्याच निकालात तीन पानांचा 'फ्लश' किंवा 'ब्रॅग' मात्र निव्वळ नशिबाचा म्हटला. आमच्याकडच्या पोस्टातल्या निवृत्त साहेबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी हरतो त्यात माझा दोष नाही, हे कोर्टानेच सांगितलंय तर!"

आता मूळ गोष्ट. आमच्या दिरांचा नातू शिकायला आमच्याकडे रहायचा. हुशार पोरगा. एखाद्या शनिवारी सहावा गडी आला नाही की तो बसायचा. हात काही नसताना शांत चेहऱ्याने लावत रहायचा आणि आम्हा म्हाताऱ्यांना उठवायचा. मी कौतुकाने म्हणायचे, "अरे, तू तर आमच्यापेक्षा तयार निघालास!" २०२५ च्या मे महिन्यात कळलं की मोबाईलवरच्या पैशांच्या पोकरमध्ये त्याचे एक लाख ऐंशी हजार रुपये गेले आहेत. त्यात कॉलेजची फी होती, मित्रांकडून घेतलेले पैसे होते आणि मोबाईलवरूनच काढलेलं कर्ज होतं.

जाऊबाई फोनवर फक्त एवढंच म्हणाल्या, "वहिनी, शिकला तो तुमच्याच घरात ना?" मला उत्तर देता आलं नाही. चिप्सचा डबा माळ्यावर टाकला आणि शनिवार बंद केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य की नशीब, हा भेद त्यात ठेवलेला नाही. बातमी वाचून बरं वाटलं, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर काही त्यात नव्हतं. दोष माझा किती?

पुष्कळ महिने विचार केला. जे सुचलं ते सांगते. माझ्या आजीला जी गोष्ट ठाऊक होती, ती मी विसरले होते. बाग पत्त्यांनी नेली नाही. ती उसन्या पैशांनी, अंधाराने आणि पहाटेपर्यंत कुणीच "पुरे" न म्हटल्याने गेली. आजीने नेमक्या त्याच गोष्टी बंद केल्या होत्या. मोबाईलवर त्या सगळ्या परत आल्या. उसनं द्यायला कर्जवाला हजर, रात्र-दिवस नाही, आणि समोर चेहराच नाही. चर्चिल हरताना ट्रुमनला पेच पडला, कारण चर्चिल समोर बसले होते. त्या पोराच्या समोर कुणीच नव्हतं.

पण मी स्वतःला पूर्ण सोडणार नाही. मी त्याला डाव शिकवला, लपवायला शिकवलं, त्याचं कौतुक केलं. बागेची गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. घराण्याची लाज म्हणून आम्ही तिघी पिढ्या ती गिळून बसलो. इतिहासाच्या शिक्षिकेने नेमका घरातलाच इतिहास गाळला.

दिवाळीत तो आला तेव्हा त्याला समोर बसवून सगळी सांगितली. जत्रा, कंदील, गहाण, आईचा पदर. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, त्यांना कुणी थांबवलं कसं नाही?" मी म्हटलं, "तुला तरी कुणी थांबवलं?" त्यानंतर पहिल्यांदाच तो माझ्यापुढे रडला.

आता तो नोकरी करतो आणि महिन्याला थोडं थोडं कर्ज फेडतो आहे. डाव पुन्हा सुरू करायचा की नाही, हे मी त्यालाच विचारलं. म्हणाला, "तुम्ही खेळा. मला मात्र पत्ते वाटू नका." मंडळींनाही विचारलं. सर्वानुमते पैसे बंद झाले. भावाने गावाहून काजूच्या बियांची पिशवी पाठवली आहे. प्रत्येकी पन्नास, उसनं नाही, आठला पत्ते खाली.

परवाच्या शनिवारी तो आला होता. टेबलापासून जरा लांब बसून हिशेबाची वही सांभाळत होता. पोस्टातले साहेब चाळीस बिया हरले आणि एखादी बाग गेल्यासारखा चेहरा करून बसले. आठ वाजता त्यानेच घड्याळाकडे पाहून सांगितलं, "चला, पुरे आता." आणि सगळ्यांच्या पुढ्यातल्या बिया गोळा करून टोपलीत ओतल्या.

तुमच्याही घरात अशी एखादी न सांगितलेली बाग असेल, तर मुलांना सांगून टाका. बिया भाजल्या की कळवतेच.