झोपेची गोळी, उंदीर आणि आपण

"डॉक्टर, उंदरांवर प्रयोग झालाय म्हणे, मग औषध सुरक्षितच ना?" हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. त्याचं उत्तर थॅलिडोमाइड या झोपेच्या गोळीच्या इतिहासात आहे.

१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ही गोळी बाजारात आली. मोठमोठे डोस देऊनही उंदीर मरत नव्हते, म्हणून ती बिनधोक मानली गेली. गरोदर स्त्रियाही मळमळ थांबावी म्हणून ती घेऊ लागल्या. मग हातपाय न वाढलेली बाळं जन्मू लागली. जगभरात अशी १०,००० हून अधिक बाळं जन्मली. नोव्हेंबर १९६१ मध्ये डॉ. विडुकिंड लेन्झ यांनी इशारा दिला आणि जर्मनीत गोळी मागे घेतली गेली. पुढे गाभण उंदरांना ती देऊन पाहिली, तरी पिल्लांमध्ये तसं व्यंग सहसा दिसलं नाही. सशांमध्ये मात्र दिसलं.

गोष्ट इथे संपली नाही. १९६४ साली जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी लेप्रा रिअॅक्शनने तळमळणाऱ्या कुष्ठरुग्णाला झोप यावी म्हणून हीच गोळी दिली. झोप तर लागलीच, शिवाय अंगावरच्या दुखऱ्या गाठीही ओसरल्या. अॅक्वर्थ रुग्णालयापासून आनंदवनापर्यंत कुष्ठरोगाशी झुंजलेल्या महाराष्ट्राला या रिअॅक्शनचा त्रास नवा नाही. १९९१ मध्ये कारण उमगलं: ही गोळी रोगप्रतिकारक पेशींतून निघणारा, दाह वाढवणारा टीएनएफ हा पदार्थ कमी करते.

१९९९ मध्ये डॉ. सीमा सिंघल आणि सहकाऱ्यांनी मल्टिपल मायलोमाच्या ८४ रुग्णांना ती दिली. या कर्करोगात अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना गुण आला.

उंदरांचं कोडं सुटायला आणखी काही वर्षं लागली. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की गोळी पेशीतल्या सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते. मग सेरेब्लॉन प्लाझ्मा पेशींच्या वाढीला लागणारी प्रथिनं नष्ट करायला लावतं. उंदराचं सेरेब्लॉन आपल्यासारखंच आहे, पण मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं आहे. तेवढ्यामुळे गोळीचा हा परिणाम उंदरात नीट होत नाही.

उंदरांवरचे प्रयोग निरुपयोगी नाहीत, पण ती पहिली पायरी आहे. थॅलिडोमाइड किंवा लेनालिडोमाइड चालू असेल तर एवढं लक्षात ठेवा:

- स्त्री असो वा पुरुष, गर्भधारणा टाळण्याबाबत डॉक्टरांच्या सूचना काटेकोर पाळा.
- गोळी दुसऱ्या कुणाला देऊ नका. उपचार चालू असताना रक्तदानही करू नका.
- पायाला मुंग्या, बधिरपणा, एका पायाला सूज किंवा अचानक दम लागला, तर लगेच डॉक्टरांना गाठा.

आणि कुठलीही झोपेची गोळी शेजाऱ्याला लागू पडली म्हणून स्वतः सुरू करू नका.