किल्लारीच्या भिंती

मराठवाड्यातलं माळवदाचं घर बेफिकिरीतून उभं राहिलं नव्हतं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आणि दरोड्याची धास्ती घेऊन जगलेल्या मुलखात दोन-तीन हात रुंदीची दगडी भिंत, लहानशा खिडक्या आणि मातीचं जाड छत हीच त्या घराची सज्जता होती. लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर फळ्या, त्यावर पांढरी माती. छत गळू लागलं की आणखी माती टाकायची; अशा डागडुजीत थर हातभर वाढे, कुठे त्याहूनही जास्त. धान्य बळदात सुरक्षित राही. ज्या संकटांची आठवण होती, त्यांचा या घराने चोख बंदोबस्त केला होता. जमीन हलून घर पडल्याची आठवण मात्र कुणालाच नव्हती, आणि घराला धोका कशाकशाचा आहे हे आपण केवळ आठवणीवरून ठरवतो, ही चूक मला फार महागाची वाटते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली असताना, पहाटे चारच्या सुमारास सुमारे ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारी, सास्तूर आणि तेरणेकाठची कितीतरी गावं जमीनदोस्त झाली. सरकारी नकाशाने हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात घातला होता. १९६७च्या कोयना भूकंपाने दख्खनच्या स्थिरतेवरचा विश्वास हलवला होता खरा, पण त्याची चर्चा धरणाभोवतीच फिरत राहिली. किल्लारीला १९९२मध्येही धक्के बसले होते. ते ओसरले, तशी भीतीही ओसरली.

मग लोकांनी काय करायला हवं होतं, असा प्रश्न कुणी विचारील, आणि तो रास्त आहे. शास्त्रज्ञांनाही जे सांगता आलं नाही, ते शेतकऱ्याने ओळखायचं कसं? पण भूकंप कधी येईल हे ओळखणं ही एक गोष्ट आणि आपलं घर कशाने पडेल हे ओळखणं ही दुसरी. दुसरीसाठी भाकीत लागत नाही. या भिंती बहुधा दोन पदरी असत: बाहेरून दगड, आतून दगड, मधे कपच्या आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार लांब दगड क्वचितच. अशी भिंत जुनी झाली की पोट काढते, आणि ते पोट डोळ्यांना दिसतं. जिथे छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, अशा अनेक घरांत भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला. गवताने शाकारलेल्या झोपड्यांनी तर फारशी माणसं घेतलीच नाहीत. म्हणजे जीव घेतला तो वजनाने आणि न सांधलेल्या दगडाने.

दुरुस्ती गरिबाला परवडत नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. सर्वांत जड माळवदं खात्यापित्या घरांचीच होती. माती उतरवायला पैशापेक्षा श्रम जास्त लागतात. मात्र छत पातळ केलं तर ते तापेल आणि गळेल, ही अडचण खरी आहे. भूकंपानंतरच्या मजबुतीकरणात म्हणूनच कमी मातीखाली पाणी अडवणारा कागद घालण्याचा आणि भिंतीत आरपार दगड बसवण्याचा उपाय पुढे आला. पण तोवर लोकांच्या मनात दगडाचीच धास्ती बसली होती. सांधा सदोष होता, दोष दगडाला लागला, आणि कित्येकांनी उन्हात भाजणारा पत्रा पत्करला. आठवण अशी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नेते.

२००२मध्ये नकाशातला पहिला विभागच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्यात गेलं. पण धोका एकट्या भूकंपाचाच नसतो: पुढे एप्रिल २०१६मध्ये याच लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तिथल्या कुटुंबाने आज घराची तपासणी करायची, तर उशाशी असलेल्या भिंतीचं पोट, छताचं वजन आणि अंधारात दाराकडे जाणारी वाट यांच्या जोडीने टाकीतलं पाणी किती दिवस पुरेल याचाही हिशेब मांडावा लागेल.