शिर्डीचा उरूस

राहाता तालुका म्हटलं की आज ऊस नि पेरूच्या बागा आठवतात. पण कालव्यांआधीचा हा मुलूख पर्जन्यछायेतला, कोरडाठाक. १८९७ साली दख्खन दुष्काळाने होरपळत असताना इथल्या शिर्डीत पहिला उरूस भरला.

कल्पना कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांची. साईबाबांच्या कृपेने मुलगा झाला, ही त्यांची श्रद्धा. तात्या कोते पाटील, माधवराव देशपांडे यांनी उरुसाची कल्पना उचलून धरली. गावच्या कुलकर्ण्याने मोडता घातला, कलेक्टरने परवानगी नाकारली; खटपट करून ती मिळवावी लागली. मशिदीतल्या फकिराचा उरूस, आणि दिवस ठरला रामनवमीचा.

गावात विहिरी दोन. एक आटलेली, दुसरीचं पाणी मचूळ. बाबांनी फुलं टाकली आणि ते गोड झालं, असं गोविंदराव दाभोलकरांच्या साईसच्चरितात आहे. पण हीच पोथी पुढे सांगते की तेवढं पाणी पुरेना, म्हणून तात्या पाटलांनी बाहेर मोटा लावून पाणी आणवलं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. चमत्कार सांगून झाल्यावरही पोथी मोटा ओढणाऱ्यांना विसरलेली नाही. पाणी झालं, दुकानांची पालं पडली, कुस्त्यांचा फड लागला.

नेवाडाच्या वाळवंटात १९९० पासून ‘बर्निंग मॅन’ हा कलामेळा भरतो. तिथेही पाण्यासकट सगळं बाहेरून न्यायचं. मात्र परतताना मागमूस ठेवायचा नाही, हा दंडक. शिर्डीत नेमकं उलट घडलं. ज्याने जे आणलं, ते तिथेच रुजलं.

गुंडांच्या सांगण्यावरून नगरच्या दामूअण्णा कासारांनी एक निशाण दिलं, नानासाहेब निमोणकरांनी दुसरं, भरजरी. मिरवणुकीनंतर ती मशिदीच्या दोन कोपऱ्यांवर चढू लागली. कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्कर दलाल यांनी संदल सुरू केला: ताटात उगाळलेलं चंदन, जळता धूप, पुढे वाजंत्री, परतल्यावर ते चंदन मशिदीच्या निंबरावर, म्हणजे कोनाड्यावर, आणि भिंतींवर हातांनी थापायचं. निशाणं हिंदूंची, संदल मुसलमानांचा. दोन्ही मिरवणुका शेजारी शेजारी चालल्या, कुरबूर न होता.

उत्सवाची तयारी बाबांच्या भक्त राधाकृष्णाबाईंच्या अंगावर. धुनीच्या धुराने मशिदीच्या भिंती काळ्याकुट्ट झालेल्या असत. बाबा एक दिवसाआड चावडीत निजायला जात. ती रात्र साधून बाई मशिदीतलं सगळं सामान, धुनीसुद्धा, बाहेर काढत आणि भिंती धुऊन चुना देत. उत्सवाचा डामडौल सगळ्यांना दिसतो. माझ्या लेखी तो या रात्रपाळीवर उभा होता.

रामजन्म मात्र उरुसात नंतर आला. पंधराएक वर्षांनी कृष्णराव जागेश्वर भीष्म या भक्ताने विचारलं, रामनवमीलाच उरूस आहे तर जन्मोत्सव का नको? काका महाजनींनी बाबांची परवानगी मिळवली. मशिदीत पाळणा बांधला, कीर्तन झालं, गुलाल उधळला. तो बाबांच्या डोळ्यांत गेला आणि त्यांचा राग अनावर झाला. तरी पाळणा सुटला नाही. दुसऱ्या दिवशी गोपाळकाला झाला. पुढे दासगणूंचं कीर्तन ठरून गेलं.

१९१८ साली बाबा गेले. उत्सव आता तीन दिवसांचा आहे, मुंबईहून पालख्या पायी येतात. रामनवमीला दोन्ही निशाणं अजून मिरवतात, आणि संदलही निघतो.