खाजणाचा बांध आणि मालकीचा प्रश्न

दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (1962) या ग्रंथात गोव्यातील ग्रामसंस्थेवर एक निबंध आहे. तेव्हापासून 'गावकरी'ची चर्चा आपण बहुधा जमिनीच्या हक्काच्या अंगाने करीत आलो. परंतु मांडवी-झुआरीच्या खाड्यांकाठची खाजणे ही मुळात भरतीला अडवून मिळवलेली जमीन आहे. बांधच नसेल तर हक्क कशावर सांगायचा?

1526 साली अफोंसो मेशिया याच्या 'फोराल'मध्ये गावकऱ्यांच्या चालत आलेल्या प्रथा नोंदल्या गेल्या. अर्थात ही व्यवस्था पोर्तुगीजांनी घडवलेली नव्हे. ती त्यांना आयती मिळाली. मातीच्या बांधात 'मानस' नावाचे लाकडी झडपांचे दार असते. भरतीच्या दाबाने झडप मिटते. ओहोटीला आतले पाणी तिला लोटून बाहेर पडते. आतला खोलगट 'पोंय' जास्तीचे पाणी सामावून घेतो. पाऊस जमिनीतले मीठ धुऊन काढतो आणि खारेपण सोसणारे कोरगूट भात उभे राहते. यंत्र साधे, पण राखण रोजची. खेकड्याने पाडलेले एखादे भोक बुजवायचे राहिले, तर एका उधाणात शेत खारे होते.

या राखणीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. बांधावर माती वाहणाऱ्या कुळाला गावकरीत स्थान नव्हते, आणि स्त्रियांनाही वाटा नव्हता. म्हणून 1964 चा कूळ कायदा न्याय्यच म्हटला पाहिजे. बांधांची जबाबदारी मग कुळांच्या संघटनांकडे गेली. हक्क घरोघर वाटता आला; बांध मात्र वाटता येत नाही, हे कायद्याला नीटसे उमगले असे वाटत नाही.

मानशीच्या तोंडाशी होणाऱ्या मासेमारीचा लिलाव पूर्वीही होत असे. पण शेती परवडेनाशी झाली तसे लिलावाचे पारडे जड झाले. मासे धरणाऱ्याला खारे पाणी आत हवे असते, भात पिकवणाऱ्याला ते बाहेर हवे असते. दार वेळी-अवेळी उघडे राहिले की प्रवाह बांधाचा पाया कोरतो. पडीक शेतात तिवरे रुजतात. बांधाबाहेर लाटा झेलणारी ही झाडे आत वाढली की कायद्याने तोडता येत नाहीत, आणि शेतकऱ्याला आपल्याच शेतात परतणे अवघड होऊन बसते.