दहा कोटी बिया

आपण या मातीला नावच ‘चिनी माती’ दिलं. लोणच्याच्या बरणीमुळे, कपबशीमुळे ते रोज तोंडात असतं, पण ही माती ज्या गावाने जगाला दिली ते गाव आपल्या ध्यानीमनी नसतं. चीनच्या च्यांगशी प्रांतातलं चिंगदचन. मी पंचवीस वर्षं चाकावर बसते, तरी माझ्या धंद्याचं हे माहेर मला उमगलं ते लंडनमध्ये, २०१० साली.

टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये आय वेवेई या चिनी कलाकाराने सूर्यफुलाच्या दहा कोटी बिया पसरल्या होत्या. दीडशे टन पोर्सेलिन, म्हणजेच चिनी माती! सुरुवातीला लोक त्यावरून चालत होते. मग पायांखाली धूळ उडू लागली आणि काही दिवसांतच दोरी लागली. मातीची बारीक धूळ फुप्फुसात बसते. आमच्या धंद्याचं ते जुनंच दुखणं. मी दोरीपाशी उभी राहून दूरवर पसरलेला तो करडा रंग बघत राहिले.

या बिया घडल्या त्या चिंगदचनमध्ये. इ. स. १००४ मध्ये सोंग घराण्याच्या सम्राटाने आपल्या ‘चिंगद’ या कालखंडाचं नाव या गावाला दिलं. दगड कुटून केलेली पूड आणि जवळच्या गाओलिंग टेकडीची पांढरी माती हे इथलं भांडवल. आम्ही ‘केओलिन’ म्हणतो तो शब्द त्याच टेकडीचा. १६३७च्या एका चिनी ग्रंथात नोंद आहे की एक पेला पुरा व्हायला बहात्तर हात लागतात. एक जण घडवणार, दुसरा काठ तासणार, तिसरा नुसती रेघ ओढणार. मिंग काळात इथे शाही भट्ट्या होत्या. तिथे जरा खोट निघाली की भांडं फोडून खड्ड्यात पुरत, राजाची वस्तू रयतेच्या हाती जाऊ नये म्हणून. पुढे उत्खननात त्या खापरांचे ढीगच्या ढीग सापडले.

आय वेवेईने याच गावातल्या सोळाशे कारागिरांना काम दिलं. अडीच वर्षं ते चाललं. साच्यातून काढलेली बी भाजायची, मग दोन्ही बाजूंनी हाताने काळे फराटे ओढायचे आणि पुन्हा तेराशे अंशांच्या आसपास भाजायची. रंगवणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या.

पण बिया सूर्यफुलाच्याच का? चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड करून उभी असलेली सूर्यफुलं, असं चित्र भिंतीभिंतींवर होतं. आय वेवेईचे वडील, कवी आय चिंग, यांना सरकारने दूर शिनच्यांगला पाठवलं होतं. मुलाचं लहानपण तिथेच गेलं. त्या ओढगस्तीत मित्रांनी वाटून खायची चीज म्हणजे या बिया. सत्तेने जनतेला एकसारख्या फुलांचा ताटवा म्हटलं. आय वेवेईने दहा कोटी बिया केल्या आणि प्रत्येक बी निराळी ठेवली. यंत्राने हे काम झटक्यात झालं असतं, पण मग म्हणायचं तेच राहून गेलं असतं. त्या कामातली राजकीय टीका मला इथे दिसते, फराट्यात. एप्रिल २०११ मध्ये, प्रदर्शन चालू असतानाच, त्याला बीजिंग विमानतळावर पकडलं आणि ८१ दिवस डांबून ठेवलं.

परत आल्यावर मी दहा बिया करून पाहिल्या. अंगठा आणि तर्जनीत बी धरायची, रुंद टोकाकडून कुंचला टेकवायचा आणि टोकाशी येता येता अलगद उचलायचा. पहिल्या तीन फिसकटल्या. सहावी बरी जमली. दहावीपर्यंत मनगट भरून आलं होतं, शेवटचा फराटा थरथरला.

शाही भट्टीवर ती दहावी बी खड्ड्यात गेली असती. मी ती चाकाशेजारी ठेवली आहे. हात थकला होता, हे त्या फराट्यात अजून दिसतं.